चारपैकी एकाच बाटलीत यीस्ट: कंटॅमिनेशन (बाहेरून मिसळलेला जंतू) समजायचं का?

प्रश्न:
पेशंट आयसीयूत, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) चालू आहे. ब्लड कल्चरच्या चार बाटल्यांपैकी एकीत यीस्ट (एक प्रकारची बुरशी) असल्याचं लॅबनं कळवलं, पण तोवर ताप उतरलेला. रिपीट कल्चर येईपर्यंत थांबावं का? आणि औषध दिलंच तर उपचाराचे चौदा दिवस कधीपासून मोजायचे?

उत्तर १:
अजिबात थांबू नका. एका बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस आला तर कंटॅमिनेशनचा विचार करतो, तो हिशेब कॅंडिडाला (रक्तात सापडणारं यीस्ट बहुधा हेच) लागू नाही. रक्तात कॅंडिडा सापडला की तो खराच धरायचा, ताप असो वा नसो. रिपीट कल्चर जरूर पाठवा, पण त्यासाठी पहिला डोस अडवू नका.

सुरुवात एकायनोकॅंडिन गटातल्या बुरशीविरोधी औषधानं करा: कॅस्पोफंगिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, मग रोज ५०, किंवा मायकाफंगिन रोज १००. कॅस्पोफंगिन डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही. सलाइनमध्येच मिसळून तासाभरात सोडा. वॉर्डात ही चूक सहज होते.

चौदा दिवस पहिल्या डोसपासून नाही, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड कल्चर हवंच. ते न पाठवल्यास मोजणी सुरू करायला तारीखच हाती नसते.

उत्तर २ (मायक्रोबायोलॉजी):
ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या, अंडाकृती पेशी आणि त्यांच्या कडेला फुटलेली छोटी कळी दिसली, की लॅबनं प्रजातीची वाट न बघता लगेच फोन करायला हवा. कोणत्या बाटलीत वाढ झाल्याचा इशारा मशीननं दिला तेही विचारा. ग्लाब्राटा (कॅंडिडाची एक प्रजाती) कधी कधी फक्त अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजन नसलेल्या) बाटलीत वाढतो. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त भरा. कमी भरलं तर जंतू निसटतो.

प्रजाती कळल्याशिवाय फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधावर विसंबू नका. क्रुसेई ही प्रजाती त्याला मुळातच दाद देत नाही. 'हीमुलोनी' असा रिपोर्ट आला तर तो ऑरिस (रुग्णालयात सहज पसरणारी कॅंडिडाची प्रजाती) असू शकतो, माल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) खात्री करून घ्या. ऑरिस निघाला तर पेशंट वेगळा ठेवा आणि खाटेचे कठडे, मॉनिटर क्लोरीनयुक्त द्रावणानं पुसा. नेहमीची क्वाटर्नरी अमोनियमवाली जंतुनाशक द्रावणं त्याच्यावर भरवशाची नाहीत.

प्रश्नकर्ता:
औषध सुरू केलं. लाइन गाइडवायरवरून (जुन्या लाइनमधून घातलेल्या तारेवरून, त्याच जागी) बदलली तर चालेल?

उत्तर १:
नको. कॅंडिडा कॅथेटरवर (नळीवर) बायोफिल्म म्हणजे चिकट थर करून बसतो आणि जुन्या मार्गानं घातलेली नवी लाइनही दूषित होते. लाइन काढा, गरज असेल तर दुसऱ्या जागी घाला. टीपीएनमुळे पॅराप्सिलोसिस या कॅंडिडाच्या प्रजातीची शक्यताही आहेच, आणि तो लाइनला चिकटण्यात पटाईत.

पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्या. डोळ्यात संसर्ग निघाला तर एकायनोकॅंडिन पुरत नाही, कारण ते डोळ्याच्या आत नीट पोचत नाही. अशा वेळी जंतू संवेदनशील असेल तर फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल, तेही किमान चार ते सहा आठवडे. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतील तर ते वर आल्यावर डोळे पुन्हा दाखवा, आधीच्या तपासणीत संसर्गाचे डाग दिसतीलच असं नाही.