मदत हवी आहे: दुपारी 12 ते 4 मुलांना घरात कसं गुंतवायचं?

गणितवाला:
दोन मुलगे. सुट्टी लागून तीन आठवडे झाले. सकाळ कशीतरी निघते, संध्याकाळी खाली खेळायला जातात. प्रश्न फक्त दुपारी 12 ते 4 चा आहे. कॅरम काढला होता, बंद करावा लागला. पत्ते काढले तर बदाम सातचा पहिला डाव संपायच्या आत मारामारी. टीव्ही आणि मोबाइल नकोत. शिबिरं सुचवू नका. आज इतका वैतागलो की दोघांना जिन्यात नेऊन बसवलं, आणि मग मलाच वाईट वाटत राहिलं. लवकर सांगा, उद्याची दुपार आहेच.

पर्वतीकर:
वयं काय? गाव कुठलं? काहीच लिहिलं नाहीत. आमच्या दोघांना पोहायला घातलं. जेवले की आडवे होतात, चार वाजेपर्यंत हूं की चूं नाही. आणि 15 जूनच्या आसपास शाळा उघडेलच.

गणितवाला:
9 आणि 6. नागपूर. सकाळी पोहूनच येतात, तरी झोपत नाहीत.

ऊनसावली:
पर्वतीकर, विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात हो. इथे 45 अंशांत मुलांना बाहेर काढायची सोय नसते. मास्तर, पोट्टे कशावरून भांडून राहिले ते तर सांगा. जागेवरून? कूलरसमोर बसण्यावरून?

गणितवाला:
कूलर हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत आहे. हॉलमध्ये पंखाच. वरचा मजला आहे.

बागायतदार:
मुलांना घरात कोंडायचंच कशाला? आम्ही रत्नागिरीला दिवसभर बागेत असायचो. कैऱ्या, करवंदं, फणस. आजच्या आईबापांना मुलं डोळ्यांसमोर लागतात.

ऊनसावली:
बागायतदार, तुमच्या बागेत सावली आहे. इथे मे महिन्यात दुपारी सिमेंटच्या गच्चीवर चप्पल घालूनसुद्धा उभं राहवत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की मोठी माणसंही दुपट्टा बांधल्याशिवाय निघत नाहीत.

काळजीवाहू:
उन्हाचा त्रास झाला तर घरीच करता येईल असं सांगते. 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण बदलू नका. दुकानातल्या गोड पेयांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, त्याला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली.

गणितवाला:
धन्यवाद, पण मुलं ठणठणीत आहेत. ताक, पन्हं सगळं चालू आहे. मला चार तास हवे आहेत.

वर्ध्याची_काकू:
दादा, कॅरम का बंद करावा लागला ते तुम्ही सांगितलंच नाही. आणि मुलांना कूलरच्या खोलीत का नेत नाही?

गणितवाला:
बायको नर्स आहे. या महिन्यात रात्रपाळी जास्त आहे. सकाळी 9 ला घरी येते, आवरून, मुलांशी बोलून 11 ला झोपते. कूलर तिच्या खोलीत आहे. कॅरमची सोंगटी वाजली की ती उठते, मग पुन्हा डोळा लागत नाही, आणि रात्री तशीच ड्यूटीवर जाते. मी क्लास घेतो, दुपारी मोकळा असतो.

पर्वतीकर:
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! सरळ हॉलमध्ये एसी बसवा.

ऊनसावली:
एसी कशाला? नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, फक्त हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. आतल्या खोलीचं दार चार बोटं उघडं आणि हॉलची खिडकी उघडी ठेवा. गार हवा हॉलमधून ओढली जाईल. खिडक्या बंद ठेवाल तर खोलीत नुसता दमटपणा साठेल.

पर्वतीकर:
नवतपात कूलर पुरत नाही, माझी बहीण अमरावतीला आहे.

ऊनसावली:
तिची वाळ्याची ताटी कधी बदलली होती ते विचारा. आणि मास्तर, कूलर लोखंडी असेल तर अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हाताने पोरं बॉडीला हात लावतात.

गणितवाला:
दार उघडं ठेवलं की आवाजही आत जाणार, तेच तर अडलंय.

वर्ध्याची_काकू:
कूलरच्या घरघरीत हलका आवाज विरून जातो. ठक्‌ आवाज तेवढा नको. माझे दोघे असेच होते, आणि सासूबाई दुपारी झोपायच्या. मी त्यांना खेळ देणं सोडलं आणि काम दिलं. वर्षाची चिंच घेता ना? टरफल काढलेली, पण आत चिंचोके असलेली घ्या. जुनी चादर अंथरा, दोन ताटं, एक चिंचेचं, एक चिंचोक्यांचं. शिरा वेगळ्या. प्रत्येकाचा ढीग वेगळा ठेवा म्हणजे भांडण नाही. बत्त्याने ठोकू नका, बोटांनीच. मग चिंचोके धुवून, वाळवून, एक बाजू पांढरी होईस्तोवर संध्याकाळी खाली दगडावर घासायला लावा. चार चिंचोके झाले की अष्टाचंगा. पाच बाय पाचचा पट, चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ. चादरीवर टाकले की आवाज होत नाही.

अभ्यासू:
दोघांना अबॅकस लावलंय का? या वयात आकडेमोड पक्की होते.

गणितवाला:
मी गणितच शिकवतो. काकू, उद्या चिंच आणतो.

किताबी:
बालभारतीच्या संकेतस्थळावर किशोर मासिकाचे जुने अंक फुकट आहेत. मोठ्याला छापून द्या, धाकट्याला तो वाचून दाखवेल.

गणितवाला:
दोन दिवसांनी लिहितोय. दोन किलो चिंच आणली. धाकटा प्रत्येक चिंचोका काढला की तो उजेडाकडे धरून बघत होता. मोठ्याने ढीग वजनकाट्यावर मोजले आणि धाकट्याचा भरला जास्त, तरी तो गप्प बसला. दार उघडं होतं. पावणेदोनला धाकटा चिकट हातांनीच चादरीवर झोपला. मोठा एकटाच निवडत राहिला आणि मला हळूच म्हणाला, आईला सांगू नका, मी सांगणार आहे. ही सव्वाचारला उठली. महिन्याभरात पहिल्यांदा सलग पाच तास झोप मिळाली तिला. बाहेर येऊन बराच वेळ दारातच उभी होती.

काकू, चिंच आता मीठ लावून ठेवायची ना? डब्यात चालेल का?

वर्ध्याची_काकू:
डब्यात नको, चिंच धातूला खाते. चिनीमातीची नाहीतर काचेची बरणी घ्या. आधी एक ऊन दाखवा, मग खडेमीठ लावून गोळे करा आणि दाबून भरा. गोळे पोरांनाच करू द्या, फक्त हाताला कुठे खरचटलं असेल तर नको, झोंबतं.