नोटर डेमला जातेय पण कॅथलिक नाही, डॉर्मच्या मिस्सा-परंपरांमध्ये कितपत सामील व्हायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत इंडियाना राज्यात नोटर डेम युनिव्हर्सिटी आहे, तिथे ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाला जॉइन होतेय. व्हिसा, फी वगैरे सगळं मार्गी लागलंय, ते नाही विचारायचंय. माझा प्रश्न वेगळाच आहे आणि घरी नीट समजावून सांगता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही हिंदू, घरी रोज पूजा असते आणि मीही मनापासून करते. त्यामुळे आजूबाजूला धार्मिक वातावरण असलं तर मला बरंच वाटेल. पण जसजसं वाचत गेले तसं कळलं की तिथे कॉलेज एकीकडे आणि चर्च एकीकडे असं नाहीचे. १८४२ मध्ये फादर सोरिन नावाच्या होली क्रॉस संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी ते सुरू केलं आणि आजही त्याच संघाचे फादर मुलांच्या डॉर्ममध्ये (म्हणजे हॉस्टेलमध्ये) राहतात, प्रत्येक डॉर्ममध्ये स्वतःचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, वर्गात भिंतीवर क्रूस, रविवारी रात्री डॉर्ममध्येच मिस्सा, म्हणजे फादरांबरोबरची सामूहिक प्रार्थना. मुलामुलींचे डॉर्म वेगळे, आणि २०१८ पासून आलेल्यांना सहा सेमिस्टर कॅम्पसवर राहणं कंपल्सरी आहे. पहिल्या वर्षी डॉर्मही तेच ठरवतात, रूममेटही. फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी, म्हणजे तिकडच्या कॉलेजांतले मुलांचे आणि मुलींचे खास क्लब, हा प्रकारच नाही, म्हणून जे काय मित्रमैत्रिणी, डान्स, टीम, भांडणं, सगळं डॉर्मभोवती. म्हणजे तिथेच मला मिसळता आलं नाही तर तीन वर्षं काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

रविवारच्या मिस्साला म्हणे अख्खा कॉरिडॉर घरच्या कपड्यांत खाली जातो आणि नंतर खाणंपिणं, गप्पा होतात. मला एकटीला खोलीत बसून राहायचं नाहीये. पण नुसतं मैत्रीसाठी जाऊन बसणं त्यांच्या प्रार्थनेचा अपमान तर नाही ना? सगळे कम्युनियनला, म्हणजे फादरांकडून पवित्र भाकर घ्यायला, उठले की मी काय करायचं? जे मी मानत नाही ते मानल्यासारखं दाखवायचं नाही आणि फटकूनही राहायचं नाही, यातला मार्ग मला सापडत नाहीये.

दुसरं, ग्रोटो म्हणून दगडी गुहा आहे तिथे मुलं परीक्षेआधी मेणबत्ती लावतात. खरं सांगते, मला तिथे जाऊन लावावीशी वाटेल. चालेल का?

बाकी छोटे प्रश्न: थिऑलॉजीचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, दोन कोर्स सगळ्यांना आहेत, त्यात बायबल अजिबात न वाचलेल्या माणसाचं काय होतं? शाकाहारी आहे, जेवणाचं कसं? आणि पॅरिएटल्स म्हणजे मुलांनी मुलींच्या डॉर्ममध्ये रात्री थांबायचं नाही हा नियम, बाबा तर ते ऐकून खूष झालेत, पण ग्रुप प्रोजेक्ट रात्री कुठे करतात?

कुणी तिथे शिकलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

अगं अभिनंदन आधी! मी तिथूनच ग्रॅज्युएट झालो, मीही हिंदू, तुझी काळजी नेमकी कळते.

मिस्सा सक्तीची नाही, कुणी हजेरी घेत नाही. बहुसंख्य मुलं कॅथलिक असतात हे खरं, पण सगळी काही नसतात, आणि कॅथलिक असून न जाणारेही बरेच. मी पहिल्या महिन्यात बिचकून गेलोच नाही, मग शेजारच्या खोलीतला मित्र म्हणाला चल, शांत बसायला बरं वाटतं, तेव्हापासून अधूनमधून जायचो. कधीच कुणी मला तू का आलास असं विचारलं नाही. डिलन हॉलमध्ये तर गुरुवारी रात्री मिस्सा झाली की मिल्कशेक देतात, दुसऱ्या डॉर्मची मुलंही तिथे येतात.

पण मला वाटतं तू मिस्सावर जरा जास्तच लक्ष ठेवलंयस. डॉर्मची घट्ट मैत्री बाकीच्या उद्योगांत होते. पहिला बर्फ पडला की नॉर्थ क्वॉड विरुद्ध साउथ क्वॉड (कॅम्पसमधले डॉर्मनी वेढलेले दोन मोठे चौक) अशी रात्री बर्फाच्या गोळ्यांची लढाई होते, त्यात उतर. (गॉगल घाल, लागतं खरंच.) फिशर हॉलवाले वसंतात रेगाटा घेतात, मुलं स्वतः ठोकून बनवलेल्या होड्या तळ्यात घालतात आणि काही बुडतात. १९७२ पासून बुकस्टोअर बास्केटबॉल आहे, बाहेरच्या कोर्टवर पाच-पाच जणांच्या टीम, खेळ न येणारेही चित्रविचित्र वेशात उतरतात. मुलींसाठी डॉर्म-डॉर्ममध्ये फ्लॅग फुटबॉल (अंगावर न आदळता खेळायचं अमेरिकन फुटबॉल) आहे, तिथे नाव दे म्हणजे दे, सीनियर मुली ओळखीच्या होतात त्या तिथेच. आणि बेंगॉल बाउट्स ही मुलांची बॉक्सिंग स्पर्धा जरूर बघायला जा, तिचे पैसे बांगलादेशातल्या होली क्रॉस मिशनला जातात. मुलींची बराका बाउट्स आहे, तिचे पूर्व आफ्रिकेला. माझ्या मते तिथला धर्म सगळ्यात चांगला दिसतो तो अशा ठिकाणी.

पॅरिएटल्स रविवार ते गुरुवार रात्री बारापर्यंत, शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंत. हे ते फार सिरियसली घेतात, मोडू नको. प्रोजेक्टचं टेन्शन नको, डॉर्ममध्ये रात्रभर उघडी कॉमन जागा असते, आम्ही तिथेच बसायचो.

थिऑलॉजीत श्रद्धेला मार्क नसतात. पहिला कोर्स बायबल आणि सुरुवातीच्या चर्चचा इतिहास असा असतो, वाचन भरपूर, निबंध लिहावे लागतात. कॅथलिक शाळांतून आलेल्यांना वाटतं आपल्याला येतंच आणि तेच अडकतात. तू कोरी पाटी घेऊन जातेयस तर नीट वाचशील, चांगलं होईल तुझं.

आणि हो, सोनेरी घुमटाच्या मेन बिल्डिंगच्या पुढच्या मोठ्या पायऱ्या डिग्री मिळेपर्यंत चढायच्या नाहीत. सगळे पाळतात. बाजूने जायचं.

प्रतिसाद २

मी मराठी कॅथलिक, नोटर डेमची नाही पण मिस्साबद्दल सांगू शकते.

बाळा, तू आलीस तर अपमान कसला, आम्हाला आनंदच होतो. फक्त एक लक्षात ठेव, कम्युनियन घ्यायचं नाही. ती भाकर आमच्यासाठी प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, म्हणून ती कॅथलिकांनाच देतात. त्या वेळी बाकावर बसून राहिलीस तरी चालतं. नाहीतर रांगेतून पुढे जा आणि दोन्ही हात छातीवर आडवे ठेव, फादरना कळतं, ते फक्त आशीर्वाद देतात. गुडघे टेकायचे नसतील तर बसून राहा. उभं राहताना सगळ्यांबरोबर राहिलीस की झालं. शांतीच्या खुणेच्या वेळी मात्र आजूबाजूच्यांशी मनापासून हात मिळव. क्रूसाची खूण, प्रार्थनेतली वाक्यं, हे तुझं नाही तर करू नकोस, उगाच केलंस तर तुलाच अवघडल्यासारखं होईल. राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळावर राख दिसेल, तीही घ्यायलाच हवी असं नाही.

ग्रोटो म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेची छोटी प्रतिकृती, १८९६ ची. तिथे मेणबत्ती कुणीही लावावी. मारियामाता दाखला बघत नाही. परीक्षेआधीच नाही, आईची आठवण आली तरी जा.

प्रतिसाद ३

जेवणाचं मी सांगते, माझी मुलगी तिथे शिकली. डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी मिळतं, उपाशी राहणार नाही, पण सूप कशात शिजवलंय ते दर वेळी विचारायचं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या साधारण चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी मांस ठेवतच नाहीत, मासे मात्र असतात. आणि जाड जाकीट तिकडे गेल्यावरच घे, मिशिगन तलावाकडून येणाऱ्या बर्फाला इथलं स्वेटर पुरत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. काकू, हात छातीवर आडवे ठेवायचं कळलं आणि इतकं हलकं वाटलं ना. आईलाही वाचून दाखवलं. फ्लॅग फुटबॉलला नाव देणार, नक्की. अजून एकच विचारते, खोलीत टेबलावर गणपतीची छोटी मूर्ती ठेवून निरांजन लावलं तर चालेल? आणि रूममेटला आवडलं नाही तर?

प्रतिसाद १

मूर्ती ठेव बिनधास्त, माझ्याकडेही होती. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती खोलीत बिलकुल नाही, आगीच्या नियमात बसत नाही, बॅटरीचा दिवा ने. रूममेटचं नाव कळलं की आधीच मेसेज कर, फोटो पाठव मूर्तीचा, म्हणजे तिलाही तिचं काय काय आणायचंय ते सांगता येईल. आणि पहिल्याच आठवड्यात डॉर्मच्या रेक्टरला, म्हणजे डॉर्मप्रमुखाला, भेटून तू इथे जे लिहिलंयस ते जसंच्या तसं सांग. रेक्टर त्याच डॉर्ममध्ये राहतात, असल्या गोष्टी ऐकून घेणं हे त्यांचं कामच आहे.