यलोस्टोन, आरव्ही आणि दोन मुलं: खर्च नक्की कुठे कमी होतो?

पाऊलवाट:
जूनच्या मध्यात सॉल्ट लेक सिटीहून आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी, मोटरहोम) भाड्याने घेऊन यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या नॅशनल पार्कांचा सात रात्रींचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलगी आत्ता चौथीत, मुलगा चार वर्षांचा. विमानाने सॉल्ट लेकला येऊ. २५ फुटी क्लास सीचं (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम मोटरहोमचं) भाडं रात्रीला १६५ डॉलर सांगितलंय, शिवाय मैलाला ४० सेंट. रोज फुल हुकअपची (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली) जागा धरली की हिशोब हाताबाहेर जातो. जेवण आम्ही गाडीतच करणार. मुलांची आबाळ न होता खर्च कुठे आणि किती कमी करता येईल? आणि एवढं येतोच आहोत तर झायन नॅशनल पार्कही जोडावं का?

मोजपट्टी:
आधी मैलांचा हिशोब करा, कारण भाड्याचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि मैलांचा शेवटी कळतो. २५ फुटी क्लास सी गॅलनला ८ ते १० मैल देते. पेट्रोल साडेतीन डॉलर धरलं तर मैलाला ३९ सेंट इंधनाचे आणि ४० सेंट कंपनीचे, म्हणजे प्रत्येक मैल जवळपास ८० सेंटला पडतो. सॉल्ट लेक ते वेस्ट यलोस्टोन ३२० मैल, यलोस्टोनमधला ग्रँड लूप हा वर्तुळाकार रस्ता १४२ मैल, जॅक्सनहून परत सुमारे २७५. मधले रस्ते आणि पार्कातल्या फेऱ्या धरून १,००० मैल होतात. म्हणजे १,१५५ डॉलर भाड्यावर मैलांचेच आणखी ८०० डॉलर.

झायन याच कारणाने नको. ते सॉल्ट लेकच्या दक्षिणेला ३१० मैल, तुमच्या वाटेच्या बरोबर उलट. नुसतं जाऊन-येऊन ५०० डॉलर आणि दोन दिवस. शिवाय जून २०२६ पासून झायन-माउंट कार्मेल रस्त्यावर ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांना बंदी आहे. क्लास सी या मापात बसत नाही. ते वेगळ्या सहलीत, साध्या कारने करा.

पार्कमध्येही गाडी रोज इकडून तिकडे पळवू नका. मॅडिसनच्या कॅम्पग्राउंडला मुक्काम ठेवून दोन दिवस ओल्ड फेथफुल आणि नॉरिस या गरम फवाऱ्यांची बाजू, मग ग्रँटच्या कॅम्पग्राउंडला हलून यलोस्टोन तलावाची बाजू आणि तिथूनच दक्षिणेला टीटन. रोज मुक्काम हलवला नाही की मैल वाचतात, आणि मुलांची चिडचिडही.

वेग ताशी ६० मैलांच्या वर नेऊ नका. पत्र्याच्या एवढ्या मोठ्या डब्याला वारा कापायलाच पेट्रोल लागतं. आय-१५ महामार्गावर ७५ने गेलात तर मायलेज गॅलनला ८च्या खाली येतं. टाकी आयडाहो फॉल्सला भरून घ्या, वेस्ट यलोस्टोनमध्ये आणि पार्कच्या आत पेट्रोल महाग असतं.

रानमेवा:
फुल हुकअपचा मुद्दा. जूनमध्ये यलोस्टोनला एसी लागतच नाही, रात्री तापमान शून्य सेल्सियसच्या आसपासही येतं. मग विजेच्या जोडणीचे पैसे कशासाठी? पार्कच्या आत फुल हुकअप फक्त फिशिंग ब्रिजला आहे. मॅडिसन, ग्रँट, कॅनियन, ब्रिज बे इथे जोडणी नाही, पण जागेचं भाडं निम्म्याहून कमी, आणि चारही ठिकाणी डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे. जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ चालवता येतो. ग्रँट आणि कॅनियनला शॉवर आहेत, मॅडिसनला नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला क्रम आंघोळीच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. जागा आधीच भरल्या असतील तर रोज सकाळ-संध्याकाळ बुकिंगचं पान बघत राहा, रद्द झालेल्या जागा सतत परत येतात.

हुकअप नसताना अडचण येते ती बॅटरीची. फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. रात्री थर्मोस्टॅट ७० अंश फॅरेनहाइटवर ठेवलात तर पहाटे बॅटरी उतरते आणि फर्नेस बंद पडतो, नेमका सर्वांत थंड वेळी. म्हणून ५८ ते ६०वर ठेवा, मुलांना जाड पांघरूण आणि मोजे घाला, आणि संध्याकाळी ८च्या आत तासभर जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्या. जनरेटरचे तासाला ४-५ डॉलर लागतात हे धरूनही हुकअपपेक्षा खूप स्वस्त पडतं.

पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची. चौघांना तीन दिवस पुरवायची तर रोज १३ गॅलन. शॉवर मिनिटाला दीड-दोन गॅलन घेतो, म्हणून मुलांना शॉवरच्या ट्रेमध्ये बसवून बादली-मग्ग्याने आंघोळ घाला. दीड-दोन गॅलनमध्ये एक मूल स्वच्छ होतं. आधी भरते ती सांडपाण्याची ग्रे टाकी, आणि ती भरली की ताजं पाणी शिल्लक असूनही उपयोग नाही. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तेल-मसाला टाकीत गेला नाही तर वासही येत नाही.

ब्लॅक टाकीचा (टॉयलेटच्या मैल्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह हुकअपवर असतानाही कधीच उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी साचतो आणि मग निघत नाही. टाकी दोनतृतीयांश भरली की आधी ब्लॅक, ती पूर्ण रिकामी झाल्यावर ग्रे, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. चार वर्षांच्या मुलासाठी ओले वाइप्स वापरत असाल तर ते कचऱ्यात, टॉयलेटमध्ये एकही नको.

ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वनात फुकट मुक्कामाच्या जागा आहेत, पण तिथले रस्ते कच्चे. भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, काही झालं तर विमा हात वर करतो. करार वाचल्याशिवाय तिकडे वळू नका.

चाकावरचं_घर:
दोन गोष्टींवर पैसे वाचवायचे नाहीत, आणि पहिली म्हणजे मुलांची सीट. चार वर्षांच्या मुलाची पाच पट्ट्यांची सीट फक्त पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसवायची आणि तिचा वरचा टेदर पट्टा अडकवायला गाडीत हूक हवा. डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकांच्या) मागे तोंड असलेल्या किंवा आडव्या बाकावर चाइल्ड सीट चालत नाही. मुलीची उंची ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी असेल तर तिला बूस्टर लागेल, आणि बूस्टरला कमरेचा व खांद्याचा असे दोन्ही पट्टे लागतात. बऱ्याच क्लास सीमध्ये डायनेटला फक्त कमरेचा पट्टा असतो. बुकिंगआधी त्या आसनाचा आणि टेदरच्या हुकाचा फोटो मागवा. नाही मिळाला तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.

दुसरी, विमा. क्रेडिट कार्डाचं भाड्याच्या गाडीचं संरक्षण बहुतेक वेळा मोटरहोमला लागू होत नाही. तुमच्या कारच्या पॉलिसीवाल्यांकडून लेखी विचारून घ्या. कंपनीचा विमा घेतलात तरी छताचं नुकसान अनेक करारांत वगळलेलं असतं. गाडीची उंची, साधारण १२ फूट, चालकाच्या समोर चिकटवून ठेवा.

वाचवायचे ते इथे: भांडी आणि अंथरुणाचे संच कंपनीकडून घेऊ नका. माणशी आणि संचामागे आकारणी होऊन चौघांचे काहीशे डॉलर सहज होतात. सॉल्ट लेकमध्ये डेझरेट इंडस्ट्रीजची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथे पातेली, ताटल्या, चादरी, पांघरुणं थोडक्यात मिळतात आणि निघताना परत देऊन टाकता येतात. घरून फक्त तीन लिटरचा कुकर आणि मसाल्याचा डबा आणा.

कुकर हवाच. साडेसात हजार फुटांवर पाणी ९२-९३ अंश सेल्सियसलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभरही शिजत नाही आणि गॅस जातो तो वेगळा. डाळ सकाळी निघताना भिजत घाला, दोन शिट्ट्या नेहमीपेक्षा जास्त काढा. फोडणीच्या आधी छताचा पंखा आणि एक खिडकी उघडा. शेगडीवरच्या चिमणीची झडप बऱ्याच गाड्यांत बाहेरून खिट्टी लावून बंद केलेली असते, ती काढली नाही तर धूर आतच फिरतो आणि अलार्म वाजतो. अलार्मची बॅटरी काढणं हा उपाय नाही. जेवण झालं की बाहेरच्या टेबलावर काही ठेवायचं नाही, रिकामा कुकरसुद्धा. अस्वलांचा भाग आहे.

मोजपट्टी:
एक राहिलं. दोन्ही पार्कचं प्रवेशशुल्क गाडीमागे ३५ डॉलर, म्हणजे ७०. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे, त्यामुळे वर्षभरात तिसरं पार्क करणार असाल तरच तो फायद्याचा. पण मुलगी चौथीत आहे ना? चौथीच्या मुलांना एव्हरी किड आउटडोअर्सचा पास फुकट मिळतो, त्यावर गाडीतले सगळे आत जातात, आणि तो ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. तिच्याकडून वेबसाइटवर भरून घ्या आणि प्रिंट काढून न्या.

पाऊलवाट:
झायन रद्द. पासचं तर माहीतच नव्हतं, आजच काढतो. सीटचा फोटो मागवलाय. गाडी परत देताना काय बघायचं?

चाकावरचं_घर:
शेवटची एक रात्र सॉल्ट लेकच्या जवळ फुल हुकअपला काढा, तेवढी वीज-पाण्याची जागा पैसे वसूल करते. ब्लॅक आणि ग्रे दोन्ही टाक्या तिथेच रिकाम्या करा, ओटा आणि फरशी पुसा, पेट्रोल घेतलं होतं त्या काट्यापर्यंत भरा. सांडपाण्याच्या टाक्या भरलेल्या परत दिल्या तर दंड मोठा असतो. आणि गाडी ताब्यात घेतानाच ओडोमीटर, जनरेटरचा तासांचा मीटर, पेट्रोलचा काटा, छत, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. जनरेटरचा मीटर साधारण त्याच्या स्टार्ट बटणाच्या शेजारी असतो, त्याचा आकडा करारावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.