१० वॉटचं चार्जिंग खपवून घ्यायचं का? (पंधरा हजारांच्या आतले टॅब)

गोदाकाठ (धागाकर्ता):
नाशिकच्या एम. जी. रोडला टॅब बघायला गेलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "फास्ट चार्जिंग आहे का?" माझ्या मते या प्रश्नाला उगाच मान मिळतोय. या किमतीत कुठेतरी कात्री लागणारच, आणि चार्जिंगला लागली तर ती सगळ्यात कमी दुखते. खरं दुखणं स्टोरेजचं आहे.

उदाहरणार्थ रेडमी पॅड एसई बघा. ११ इंची पडदा, स्नॅपड्रॅगन ६८०, ८००० एमएएच बॅटरी, १० वॉट चार्जिंग, ईएमएमसी ५.१ (जुन्या, स्वस्त प्रकारचं) स्टोरेज. सगळे १० वॉटवर तुटून पडतात, ईएमएमसीकडे कुणी बघतही नाही. ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, यूएफएस, म्हणजे नव्या, वेगवान प्रकारचं स्टोरेज, दोन्ही एकदम करतं. त्यामुळे मागे प्ले स्टोअर चार अ‍ॅप अपडेट करत असेल, तर मुक्त विद्यापीठाच्या तीनशे पानी पीडीएफचं पान उलटताना टॅब अडकतो. लोक प्रोसेसरला शिव्या घालतात. प्रोसेसर बिचारा स्टोरेजची वाट बघत बसलेला असतो.

त्यात खोक्यावरचं "४+४ जीबी रॅम". ती दुसरी ४ म्हणजे त्याच संथ स्टोरेजचा तुकडा. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. आणि स्टोरेज ८०-८५ टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका. लिहायला मोकळे ब्लॉक (मेमरीतले कप्पे) उरले नाहीत की स्टोरेजचा कंट्रोलर आधी जुना डेटा हलवतो, मग नवा लिहितो. ६४ जीबीतले पंधराएक जीबी सिस्टीमच खाते, म्हणून १२८च घ्या. पीडीएफ आणि व्हिडिओ मेमरी कार्डवर टाका.

चार्जिंगचं काय, रात्री लावा, सकाळी काढा.

द्राक्षवेल:
दादा, "रात्री लावा" हे कॉलेज रोडवरून म्हणायला ठीक आहे. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यातल्या वस्तीवर लाइट कधी येईल यावर सगळं असतं.

हिशोब मांडू या. ८००० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे साधारण ३१ वॉट-तास. १० वॉटचा चार्जर, त्यातला दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातो, बॅटरीत पोचतात ८.५ ते ९. शेवटच्या टप्प्यात करंट आपोआप उतरतो. शून्यापासून भरायला चार तास धरा, तेही पडदा बंद ठेवून. लेक्चर चालू ठेवून लावला तर ११ इंची पडदा, वायफाय आणि चिप मिळून ४ वॉट सहज खातात. बॅटरीला उरतात ५. झाले सहा तास.

पॉवर बँकचंही तेच. १०००० एमएएचची म्हणजे ३७ वॉट-तास, रूपांतरात गळून हातात येतात ३१च्या आसपास, टॅबच्या आतली गळती वेगळी. म्हणजे ती एकदासुद्धा पूर्ण भरत नाही.

आणि "या किमतीत जमत नाही" हे तर नाहीच. २०२१ च्या रिअलमी पॅडमध्ये हेलिओ जी८०, ७१०० एमएएच आणि १८ वॉट होतं.

मेनरोड:
दुकानदार सांगतात, हळू चार्जिंगने बॅटरी जास्त टिकते. त्यात तथ्य नाही का?

सातपूरकर:
फोनच्या ६७ वॉटबद्दल बोलत असाल तर थोडंफार आहे. टॅबच्या बॅटरीला १८ वॉटही जोरात नाहीत. ३१ वॉट-तासाला १८ म्हणजे जेमतेम ०.६ सी, तासाला क्षमतेच्या ०.६ पट. १० आणि १८ मधला फरक आयुष्यात फारसा दिसणार नाही. बॅटरी मारते ती उष्णता, आणि दिवसरात्र १०० टक्क्यांवर टांगून ठेवणं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. जाड कव्हरात, गादीवर, व्हिडिओ चालू ठेवून टॅब चार्जिंगला लावला की बॅटरी ४५ अंशांकडे जाते आणि संरक्षणासाठी करंट कमी केला जातो. मग १८ वॉटवालाही १० वॉटवाल्यासारखाच रांगतो. कव्हर काढा, फरशीवर ठेवा.

पण तुम्ही दोघंही केबल विसरलात. दोन मीटरची स्वस्त केबल, आत २८ गेजची तार (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक): मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर, म्हणजे ०.८५. दोन अँपिअर ओढले तर १.७ व्होल्ट तारेतच गेले! ५ मधून उरले ३.३, आणि बॅटरी भरायची ४.४ पर्यंत. चार्जिंगची चिप हे ओळखते आणि व्होल्टेज सावरेपर्यंत करंट खाली आणते. खोक्यावर १० वॉट, बॅटरीत चारसुद्धा नाहीत. एक मीटर, २४ गेजच्या तारेत तीच घट ०.३४ व्होल्ट. १८ वॉटचं चार्जिंग सहसा ९ व्होल्टवर चालतं, त्याला तेवढ्याच वॉटसाठी करंट कमी लागतो, म्हणून ते वाईट केबलही बरंच सहन करतं. १८ वॉटचा खरा फायदा मला हा वाटतो, वेग नंतर.

तपासायचं असेल तर व्होल्टेज दाखवणारा टाइप-सीचा छोटा मीटर केबलच्या टॅबकडच्या टोकाला लावा. बॅटरी ३० टक्क्यांच्या आसपास, पडदा बंद, दहा मिनिटं थांबा. ८० च्या पुढे मोजू नका, तिथे करंट तसाही उतरतो. ४.६ व्होल्टच्या खाली दिसलं तर आधी केबल बदला.

गोदाकाठ:
केबलचं मान्य. वस्तीवरच्या लाइटचंही मान्य, तिथे १८ वॉट हवेतच. तरी माझा मुद्दा उभाच आहे: केबल बदलता येते, ईएमएमसी बोर्डाला सोल्डर केलेलं असतं.

द्राक्षवेल:
चार्जिंगची चिपही सोल्डरच असते की! १० वॉटच्या टॅबला ३३ वॉटचा चार्जर लावा, तो मागेल तेवढंच घेणार. नुकसान नाही, फायदाही नाही.

मेनरोड:
मग १२ हजारांत यूएफएस आणि १० वॉट, की ईएमएमसी आणि १८ वॉट?

सातपूरकर:
परीक्षेचा अभ्यास, घरी लाइट नीट: यूएफएस. फक्त यूट्यूब आणि मळा: १८ वॉट. आणि व्हिडिओच बघणार असाल तर वाइडवाइन (ओटीटीच्या व्हिडिओची कॉपी रोखणारं संरक्षण) एल१ पातळीचं आहे का ते आधी बघा. एल३ असेल तर फुल एचडी पडद्यावरही बहुतेक ओटीटी ४८०पीच्या आसपासच दिसतं.

अनोळखी स्वस्त ब्रँड घेणार असाल तर दुकानातच एक गोष्ट करा: सी-टू-सी केबलने (दोन्ही टोकांना टाइप-सी) पीडी, म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा, चार्जर लावून बघा. काही टॅबमध्ये टाइप-सीच्या सीसी पिनवरचे (चार्जरला टॅबची ओळख देणारे) ५.१ किलोओहमचे रेझिस्टर गाळलेले असतात. असा टॅब ए-टू-सी केबलवर व्यवस्थित चार्ज होतो, सी-टू-सीवर ढिम्म. चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही, तो व्होल्टेज सोडतच नाही. दुकानदार म्हणेल चार्जर खराब आहे. दुसरा टॅब मागा.