विषय: गाण्यांचा संग्रह नव्या लॅपटॉपवर हलवायचा आहे

श्रीकांत:
मंडळी, नमस्कार.
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा म्हातारा लॅपटॉप ११ घेत नाही, म्हणून लेकीने नवा आणून दिला. आता प्रश्न गाण्यांचा. अ‍ॅपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ४०० जीबीच्या आसपास भरलंय: नाट्यसंगीत, भावगीतं आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या घरगुती मैफली. निम्मी गाणी सी ड्राइव्हवर, बाकीची इकडेतिकडे. गाणी कॉपी होतील हो, पण प्लेलिस्ट, गाण्यांना दिलेले तारे, हे कुठे असतं? दिवाळी पहाटेची यादीही त्यातच आहे.

निखिल:
काका, हल्ली सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं की! ४०० जीबी कशाला वाहून न्यायचे?

अनघा:
निखिल, मैफली मिळतात का तुझ्या स्ट्रीमिंगवर? कुणाच्या दिवाणखान्यात टेपरेकॉर्डर मांडून घेतलेला मारवा? आणि अशा फाइली क्लाउडवर चढवल्या की 'जुळणारं गाणं' शोधणाऱ्या सेवा कधीकधी त्याच नावाचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण समोर ठेवतात. मूळ फाइल आपल्याकडेच हवी.

काका, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. गाणं फाइलमध्ये असतं. प्लेलिस्ट, तारे, किती वेळा ऐकलं, कधी जोडलं हे सगळं 'आयट्यून्स लायब्ररी' नावाच्या, आयटीएल शेपटाच्या एका छोट्या फाइलमध्ये. ती म्युझिक फोल्डरमधल्या आयट्यून्स फोल्डरात सापडेल. तिच्यात प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. लोक नुसती गाणी उचलून नेतात आणि नव्या मशीनवर सगळं पुन्हा 'अ‍ॅड' करतात. गाणी येतात, प्लेलिस्ट येत नाहीत.

तेव्हा आधी जुन्या लॅपटॉपवर सगळं एका जागी आणा. एक टीबीची नवी डिस्क घ्या. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन मीडिया फोल्डरची जागा त्या डिस्कवर द्या. मग फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी, आणि तिथे 'कन्सॉलिडेट फाइल्स'. हे कॉपी करतं, हलवत नाही. मूळ फाइली जागच्या जागी राहतात. झालं की आयट्यून्स बंद करा आणि आयटीएल ज्या फोल्डरात आहे तो अख्खा फोल्डरही डिस्कवर घ्या.

नव्यावर सध्या फक्त आयट्यून्स टाका. अ‍ॅपल म्युझिकचं वेगळं अ‍ॅप घेतलंत तर गाणी तिकडे जातात आणि आयट्यून्सकडे पॉडकास्ट नि ऑडिओबुक उरतात. ते नंतर बघू. डिस्क लावून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला जुन्यावर होतं तेच अक्षर द्या. मग शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडा, 'चूझ लायब्ररी' विचारेल, तिथे डिस्कवरचा तो फोल्डर दाखवा.

वेळ लागेल. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी ४०० जीबीला पावणेचार तास. झिप करू नका: एमपी३ आधीच दाबलेली असते, जागा वाचत नाही, शिवाय काही जुनी झिप साधनं देवनागरी नावांची वाट लावतात.

अनघा

श्रीकांत:
अनघा, शतशः आभार. प्लेलिस्ट आल्या, तारे आले! पण दोन गोष्टी. काही गाण्यांपुढे उद्गारचिन्ह दिसतंय. आणि कॅसेटवाल्या मैफलींची नावं निव्वळ इंग्रजी खिचडी दिसताहेत. कॉपी करताना बिघडली का?

अनघा:
उद्गारचिन्ह म्हणजे पत्त्यावर फाइल नाही. तीच गाणी डिस्क लावून जुन्या लॅपटॉपवर बघा. तिथेही चिन्ह असेल तर फाइल आधीच हरवलेली होती आणि कन्सॉलिडेटने तिला वगळलं. दुसऱ्या डिस्कवर मिळाली तर गाण्यावर डबल क्लिक करून जागा दाखवा. त्याच ठिकाणी बाकीचीही शोधू का, असं आयट्यून्स विचारेल, हो म्हणा.

खिचडी कॉपीमुळे नाही. ती नावं युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. तो फॉन्ट लावलेला असेल तिथेच मराठी दिसतं, एरवी खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. जुन्यावरही तशीच दिसत असतील. दिवाळीनंतर एमपी३टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतली गाण्याची नावं-माहिती (टॅग) बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये बसून दुरुस्त करू. कुमारजींचं नाव चार स्पेलिंगांनी असेल तर तेही तेव्हाच एक करू. आत्ता टॅगना हात लावू नका, नाहीतर जुन्या नि नव्या प्रतीची तुलना करता येणार नाही.

तुलना म्हणजे: जुन्यावर गाणी जिथे जिथे होती त्या फोल्डरांची आणि डिस्कवरच्या मीडिया फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची एकूण संख्या आणि 'साइझ' जुळवा. 'साइझ ऑन डिस्क' बघू नका, ते डिस्कगणिक बदलतं.

निखिल:
काका, त्या मारव्याची एक प्रत मिळेल का?

श्रीकांत:
मिळेल. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन ये, चहालाच ये. उद्गारचिन्हवाली जुन्यावरही तशीच आहेत, माळ्यावरच्या डिस्कमध्ये बघतो. जुना लॅपटॉप पुसू का आता?

अनघा:
इतक्यात नको. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत होऊ दे, ती लेकीच्या घरी ठेवा. तिचा मॅक असेल तर प्रत करण्याआधी ती डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हीला चालणारी मांडणी) फॉरमॅट करा, विंडोजच्या एनटीएफएस मांडणीवर मॅकला लिहिता येत नाही. आणि पुसण्याआधी जुन्यावर आयट्यून्सच्या अकाउंट मेनूतून 'डीऑथराइझ' करा, म्हणजे त्या लॅपटॉपची परवानगी काढून घ्या. एका अ‍ॅपल खात्याला पाचच संगणक मिळतात.