बॉस्टनची मळी: धावत्या माणसाला ती गाठते कशी?

कृष्णाकाठची

लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने बॉस्टनला आलेय. नातीला बाबागाडीत घालून रोज नॉर्थ एंडला समुद्राकाठी चक्कर असते. तिथे कमर्शियल स्ट्रीटला बागेच्या तोंडाशी एक छोटीशी हिरवी पाटी आहे. महिनाभर मी ती पाण्याच्या लाइनची वगैरे समजून पुढे जात होते. परवा वाचली. १५ जानेवारी १९१९ ला इथली मोलॅसिसची टाकी फुटली, ४० फुटी लाट आली, २१ माणसं गेली.

मोलॅसिस म्हणजे काकवी, असं जावयांनी सांगितलं आणि खोटं कशाला बोलू, मला हसूच आलं. गुऱ्हाळावर वाढलेली बाई मी. थंडीत काकवीची बरणी उपडी केली तर भाकरीवर पडेपर्यंत तोंडचं पाणी सुकतं. आणि ही म्हणे ताशी ५६ किलोमीटरने आली! भर दुपारची वेळ, माणसं जागी होती. पळता कसं आलं नाही? इथल्या शेजारणीला विचारलं तर तिलाही धड माहीत नाही. कुणी समजावून सांगेल का?

पत्रावळ

शेजारणीला माहीत नसण्यात नवल नाही. दुसऱ्याच दिवशी, १६ जानेवारीला, नेब्रास्काने दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली आणि लागणारी ३६ राज्यं पुरी झाली. इतिहासाच्या पुस्तकात त्या आठवड्याची तीच ओळ उरली. दारू जिच्यापासून होते त्या मळीची टाकी दारूबंदीला मंजुरी मिळायच्या आदल्या दिवशी फुटावी, हा योग बघा. बंदी यायच्या आत माल संपवायच्या घाईत त्यांनी टाकी काठोकाठ भरली, असंही वाचलंय.

डिस्टिलरीवाला

ताई, हसू नका. ३१ वर्षं एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत काढलीत. मळीच्या टाकीखालून रोज जायचो आणि रोज एकदा वर बघायचो.

आधी शब्दाचं. काकवी खायची, गूळ व्हायच्या आधी कढईतून काढतात ती. साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. बॉस्टनची होती ती मळी. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी औद्योगिक अल्कोहोल लागायचं. त्यासाठी कॅरिबियन बेटांवरून जहाजाने मळी यायची, या टाकीत उतरायची आणि पुढे केंब्रिजच्या डिस्टिलरीत जायची. पत्रावळ, घाईची गोष्ट मला पटत नाही. बंदी प्रत्यक्षात लागू झाली १७ जानेवारी १९२० ला, म्हणजे हातात वर्ष होतं. शिवाय औद्योगिक अल्कोहोलला परवान्याने मुभा राहिलीच.

आता वेग. बरणी विसरा. टाकी ५० फूट उंच, ९० फूट रुंद. आत २३ लाख गॅलन, म्हणजे साधारण ८७ लाख लिटर. दहा लिटरची बादली पाण्याने भरली तर १० किलो, मळीने भरली तर १४. हिशेब केलात तर १२ हजार टन होतात. तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपास, मोटारीच्या टायरात असतो तेवढा. फक्त हा टायर ९० फुटी आणि त्याला रबराऐवजी रिव्हेट मारलेला पत्रा. तो पत्रा उसवला की मळी ओघळत नाही, कोसळते. पहिल्या मिनिटाला तिचं वजन बोलतं. पाटीवर ४० फूट असेल, बहुतेक ठिकाणी २५ वाचाल. २५ धरा, तरी दुमजली घर होतं. उन्नत रेल्वेचे लोखंडी खांब वाकले आणि फायर स्टेशन पायावरून सरकलं.

चिकटपणा कामाला येतो तो नंतर. दोनेक दिवसांपूर्वीच जहाजातून उबदार मळी टाकीत घेतली होती. ती जानेवारीच्या हवेत पसरली आणि गार होईल तशी आवळत गेली. २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनीही गणित मांडून हेच दाखवलं. कमरेपर्यंत अडकलेला माणूस जेवढे हातपाय झाडेल तेवढा दमतो. आमच्याकडे एकदा पंपाच्या खड्ड्यात एका पोराचा गमबूट गुडघ्यापर्यंत रुतला. तिघांनी ओढून पोरगा निघाला, बूट आतच.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ही टाकी १९१५ च्या शेवटी बांधली आणि पहिल्यापासून गळत होती. आसपासची पोरं डबे घेऊन गळती गोळा करायला यायची. कंपनीने काय करावं? टाकी तपकिरी रंगाने रंगवली, म्हणजे ओघळ दिसायला नकोत! बांधकामावर देखरेख आर्थर जेल यांची. ते हिशेबाच्या खात्यातले, त्यांना इंजिनिअरचा नकाशा वाचता येत नव्हता. टाकी भरून तपासायची तर तळाशी सहा इंच पाणी घेतलं आणि झाली म्हणाले टेस्ट. आता बघा, पाण्याने पूर्ण भरली असती तरी मळीच्या भाराच्या सत्तर टक्केच भार आला असता. यांनी तेवढंही केलं नाही.

चार्ल्सकाठी

मी इथेच राहतो म्हणून थोडी भर. कंपनीने कोर्टात सांगितलं, इटालियन अराजकवाद्यांनी बॉम्ब लावला. नॉर्थ एंड ही इटालियन स्थलांतरितांची वस्ती, त्या काळात असला आरोप सहज खपायचा. पण कोर्टाने चौकशीला नेमलेल्या ह्यू ऑग्डेन यांच्यापुढे वर्षानुवर्षं साक्षी झाल्या आणि १९२५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. भरपाई सव्वासहा लाख डॉलरच्या वर. पुढे बांधकामाच्या नकाशांवर इंजिनिअरची सही-शिक्का लागू लागला, त्यामागे हेही प्रकरण आहे.

२०१९ ला शंभर वर्षं झाली तेव्हा लोक त्या जागी टाकीच्या घेराएवढं रिंगण करून उभे राहिले आणि २१ नावं वाचली गेली. ताई, बागेत बोची, म्हणजे चेंडू गडगडवत टाकायचा इटालियन खेळ, खेळणारे म्हातारे दिसतात ना? टाकी तिथेच आसपास होती.

कृष्णाकाठची

काका, काल पुन्हा गेले. नव्वद फूट चालून बघितलं, बाबागाडी ढकलत माझी बेचाळीस पावलं झाली. मधे उभी राहून वर बघितलं तर नुसतं आभाळ. आज हसू नाही आलं.

एक विचारते. माझा धाकटा भाऊ गावाकडे कारखान्यात वजनकाट्यावर आहे. रात्री त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. आपल्याकडे मळीच्या टाक्यांना कुठला रंग देतात?

डिस्टिलरीवाला

आमच्याकडे चंदेरी द्यायचे. ऊन कमी शोषलं जातं. मळी तापली की आतून फसफसते, फेस वर येतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही टाकीवर बाहेरून पाण्याचे फवारे सोडायचो आणि मळी पंपाने फिरवत ठेवायचो. दुसरं म्हणजे चंदेरीवर गळती लगेच काळी उठून दिसते.

कृष्णाकाठची

भावाने आत्ता फोटो पाठवला. टाकी चंदेरीच आहे. पण खालून दुसऱ्या पट्ट्याच्या जोडावर दोन काळे ओघळ आहेत, वीतभर लांब. तो म्हणतो, गेल्या हंगामापासून आहेत, सगळ्यांना माहीत आहेत.

डिस्टिलरीवाला

सगळ्यांना माहीत असलेलं कुणीच लिहून देत नाही. त्याला म्हणावं, ओघळ संपतो तिथे खडूने रेघ मार, बाजूला तारीख घाल. चीफ इंजिनिअरला तोंडी सांगू नको, आवक-जावक नोंदवून अर्ज दे आणि पोच घे. रेघेच्या खाली ओघळ गेला तर मला फोटो पाठवा.