पूरमैदान, पाणथळ, कर्बसाठा : नेमके शब्द कोणते?

नदीकाठच्या पाणथळ जागा, तिथला झाडोरा आणि मातीत साठणारा कर्ब (कार्बन) यांवर मी मराठीत लिहिते आहे. विषय आवडीचा आहे, पण शब्दांपाशी अडखळायला होतं. ‘फ्लडप्लेन’ला ‘पूरमैदान’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यापुढे सपाट, मोकळी जागा येते. प्रत्यक्षात तिथे नदीने सोडून दिलेली जुनी पात्रं असतात, गाळाचे उंचवटे असतात, महिनोन्महिने न आटणारी डबकी असतात. ‘वेटलँड’ला ‘आर्द्रभूमी’ लिहावं की ‘पाणथळ’? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे कार्बनचा ‘स्टॉक’, ‘स्टोरेज’ आणि ‘सिक्वेस्ट्रेशन’ या तिन्हींना सगळीकडे सरसकट ‘साठवण’ लिहिलेलं दिसतं. यात अर्थाचं नुकसान होतं असं मला वाटतं. जाणकारांनी मदत करावी.

*

‘पूरमैदान’ ठेवाच. भूगोलाच्या पुस्तकांतून तो रुळला आहे. मैदान शब्दामुळे होणारा गैरसमज पुढच्या एका वाक्यात दूर करता येतो, त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. फक्त ‘पूररेषा’ त्याच्या जागी वापरू नका. पूररेषा ही ठरावीक मोठ्या पुराची पातळी दाखवणारी नकाशावरची रेघ आहे, तर पूरमैदान हे नदीने हजारो वर्षं गाळ टाकून घडवलेलं भूरूप.

जुने शब्दही हाताशी असू द्या. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला ‘मळई’ म्हणतात, त्या मऊ, कसदार मातीला ‘पोयटा’. गंगेच्या खोऱ्याच्या वर्णनात ‘खादर’ आणि ‘भांगर’ येतात. पुराचा नवा गाळ जिथे पडत राहतो ते खादर, आणि पुराच्या वर राहिलेला जुना गाळ म्हणजे भांगर. तुमच्या विषयाला हा भेद फार उपयोगाचा आहे, कारण गाळाबरोबर वाहून आलेला कर्ब आजही गाडला जातो तो खादरात.

*

‘पाणथळ’ला माझं मत. पाणी आणि थळ, म्हणजे स्थळ, ऐकताक्षणी कळतो. ‘आर्द्रभूमी’ अर्थाने चूक नाही, पण आर्द्र म्हणजे नुसतं ओलसर. पाणथळीत पाणी साचतं, मुरून राहतं. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातली व्याख्या तर नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमचं आणि हंगामी, स्थिर आणि वाहतं, गोडं आणि खारं असं सगळं पाणी कवेत घेते, अगदी ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही. म्हणून नुसतं ‘पाणथळ’ लिहून भागणार नाही, ‘पूरमैदानातली पाणथळ’ असंच लिहावं लागेल.

‘दलदल’ मात्र प्रत्येक ठिकाणी नको. ती पाणथळीची एक अवस्था आहे, जिथे पाय रुततो. आणि ‘चिबड’ तर मुळीच नको. चिबड म्हणजे पाणी साचून पिकाला निकामी झालेली जमीन. तो शब्द दोष सांगतो, आणि इथे आपण जमिनीचा गुण सांगायला बसलो आहोत.

*

‘झाडोरा’ आणि ‘वनस्पती समुदाय’ हे एक नव्हेत. झाडोरा म्हणजे एखाद्या जागेवरची सगळी हिरवाई. त्यात कोणती जात किती, हे येत नाही. समुदाय म्हणजे सारखी परिस्थिती असली की पुन्हा पुन्हा एकत्र आढळणाऱ्या जातींचा संच. पूरमैदानात हा संच हातभर उंचसखलपणानेही बदलतो. खोल पाण्यात कमळासारख्या तरंगत्या पानांच्या वनस्पती, उथळात पाणकणीस आणि नळ, त्याच्या वर लव्हाळी आणि गवतं, आणि काठाच्या उंचवट्यावर वाळुंजासारखी पाय ओले चालणारी झाडं. म्हणून शीर्षकात ‘झाडोरा’ शोभेल, पण मोजमाप सांगताना ‘समुदाय’च हवा.

पाणकणसाला ‘रामबाण’ही म्हणतात. लेखात तो टाळा, वाचक थेट ‘हमखास उपाय’ असा अर्थ घेईल.

पुरात लव्हाळं वाचतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. त्यामुळे मोठी झाडं पुरात टिकतच नाहीत असा समज होतो, तो या विषयात सोडून द्यावा लागतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यात कितीतरी मोठे वृक्ष दरवर्षी महिनोन्महिने पाण्यात उभे असतात. तिथले लोक गाळाने भरलेल्या गढूळ नदीच्या पूरवनाला ‘व्हार्झेआ’ म्हणतात आणि गाळ जवळपास नसलेल्या काळ्या पाण्याच्या पूरवनाला ‘इगापो’. पाणी बदललं की माती बदलते, समुदाय बदलतो, म्हणून नावही बदललं. असं बारकाईने नाव ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

*

माती हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

आधी ‘कार्बन’ की ‘कर्ब’. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असतो आणि शेतकरी तो वाचतात, तेव्हा ‘कर्ब’ बिनधास्त लिहा. पण सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ यांत गल्लत नको. सेंद्रिय पदार्थात कर्ब साधारण ५८ टक्के धरण्याची जुनी रीत आहे, म्हणजे कर्बाला १.७२४ने गुणलं की पदार्थ. तसंच १ टन कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. कोणता आकडा कशाचा हे लिहिलं नाही, तर वाचकाचा हिशेब साडेतीन पटींहून जास्त चुकतो.

‘स्टॉक’ला ‘साठा’ नेमका आहे. धरणात आज पाणीसाठा किती, तसा एका हेक्टरात ठरावीक खोलीपर्यंत कर्बसाठा किती. ‘स्टोरेज’ म्हणजे ‘साठवण’, राखून ठेवण्याची क्रिया. आणि ‘सिक्वेस्ट्रेशन’ म्हणजे हवेतला कर्ब काढून दीर्घकाळ अडकवणं. त्याला मी ‘कर्बग्रहण’ लिहितो आणि त्याचा दर नेहमी वर्षाला सांगतो. साठा मोठा असला तरी वर्षाची भर नगण्य असू शकते. उलट नव्या गाळाच्या जागेवर साठा लहान, पण भर जोरदार, असंही होतं.

आता तुमच्या लेखाचा गाभा. पाणथळीत कर्ब का टिकतो हे सांगायला आपल्याकडे एक अप्रतिम शब्द आहे : वापसा. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती अवस्था. वापसा आला की मुळं श्वास घेतात, आणि सूक्ष्मजीव पालापाचोळा भराभर कुजवून कर्ब हवेत परत पाठवतात. पाणथळीच्या खोल थरांत वर्षाचा बराच काळ वापसा येतच नाही. प्राणवायू संपतो, मग सूक्ष्मजीव नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट असे एकेक पर्याय वापरत जातात. या वाटांनी विघटन मंदावतं आणि कर्ब मागे राहतो. म्हणून ‘कुजणे’ आणि ‘सडणे’ वेगळे ठेवा. मोकळ्या हवेत खत कुजतं, पाण्याखाली पाला सडतो.

सगळे पर्याय संपले की मिथेन तयार होतो, हे लपवू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. इथे समुदायाचा संबंध पुन्हा येतो. पाणकणीस, नळ यांच्या देठांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांतून प्राणवायू खाली मुळांना जातो आणि त्याच वाटेने मिथेन वर निसटतो.

*

फार उपयोग झाला. मी असं वाक्य केलं आहे : ‘पूरमैदानातल्या पाणथळींची माती हवेतला कर्ब शोषून कायमचा साठवते.’ चालेल का?

*

दोन दुरुस्त्या. माती हवेतला कर्ब शोषत नाही. तो पानं घेतात आणि मुळं, पाला, लाकूड यांच्या रूपाने मातीला देतात. हा ‘जागचा कर्ब’. दुसरा ‘वाहून आलेला कर्ब’, वरच्या डोंगरउतारांवरून चिकणमातीच्या कणांना चिकटून पुराबरोबर येतो. पूरमैदानात दोन्ही असतात, आणि दुसऱ्याचं श्रेय तिथल्या वनस्पतींना देता येत नाही. दाट देठांनी पुराचा वेग मोडून गाळ खाली बसवला, एवढं मात्र त्यांचंच काम.

‘कायमचा’ काढून टाका. बांध घालून नदी तोडली, चर खणून निचरा केला, की वापसा येतो आणि शतकांचा साठा जळू लागतो. इंग्लंडमध्ये होम फेन इथल्या पीटच्या, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या, जमिनीत १८५१ साली लोखंडी खांब रोवला, माथा जमिनीशी समतल ठेवून. निचऱ्यामुळे जमीन खचत गेली आणि आज तो खांब सुमारे चार मीटर वर उभा दिसतो.

*

दोन्ही मान्य, वाक्य बदलते. शेवटचा एक शब्द राहिला. जागा वर्षातून किती काळ पाण्याखाली असते त्या ‘हायड्रोपिरियड’साठी ‘बुडीतकाळ’ कसा?

*

‘बुडीत’ म्हटलं की धरणाचं बुडीत क्षेत्र आठवतं, नाहीतर बुडीत कर्ज. दोन्हींत गमावल्याची छटा आहे, आणि पूरमैदानाला पूर हा तोटा नाही. सरळ ‘पाण्याखालचे दिवस’ लिहा. व्हार्झेआत काही झाडांच्या वाट्याला वर्षाला पाण्याखालचे २०० दिवस येतात, असं लिहिलं की शब्दही कळतो आणि मापही.